मत चुकलं तर?

अमेरिकेतल्या हायस्कुलात अकरावीला पोचलेल्या अनेक मराठी मुलांच्या वेळापत्रकात 'एपी यूएस हिस्टरी' हा विषय असतो. मुलं त्याला नुसतं 'एपुश' म्हणतात. शाळेतच कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा इतिहास शिकायचा आणि मे महिन्यात देशभर होणारी परीक्षा द्यायची, अशी ही योजना. घरच्या मोठ्यांना तिच्याबद्दल दोन गोष्टी ठाऊक असतात : अभ्यास फार असतो आणि कॉलेजच्या अर्जात तो उठून दिसतो. या अभ्यासक्रमाची खरी अपेक्षा तिसरीच आहे, असं मला वाटतं. ती सरळ सांगायला गेलं तर उपदेश होईल, म्हणून प्रश्न विचारायला एक भाची घेतली आणि उत्तरं द्यायला तिथल्याच हायस्कुलात इतिहास शिकवून निवृत्त झालेली आत्या. दोघी कल्पित आहेत. भाचीच्या शंका बऱ्याचशा माझ्याच आहेत.

भाची : आत्या, सप्टेंबरात एपुश सुरू होतंय. बाबा म्हणतो, इतिहास म्हणजे पाठांतर, तुझी स्मरणशक्ती चांगली आहे, निभावेल. पण १४९१पासून आजपर्यंतच्या सनावळ्या म्हणजे किती झाल्या!

आत्या : बाबाला दोष देत नाही, पण तो चुकतोय. त्याच्या पिढीने बोर्डाच्या परीक्षेत जो इतिहास लिहिला, त्यात 'कारणे द्या' असा प्रश्न असायचा आणि ती कारणं पुस्तकात आधीच क्रमाने छापलेली असायची. एक कारण दुसऱ्यापेक्षा मोठं का, हे विद्यार्थ्याने स्वतः ठरवावं अशी कुणाची अपेक्षाच नव्हती. त्यातून इतिहास हा आठवणीचा विषय असल्याचा समज घराघरांत बसला आणि त्याने आपल्या मुलांचं फार नुकसान केलं. तू ज्या सनापासून सुरुवात केलीस तोच बघ. १४९१ हे कुठल्या घटनेचं वर्ष नाही. कोलंबस पोचला १४९२ साली. त्याच्या आदल्या वर्षापासून गोष्ट सुरू केली की ती ओसाड किनाऱ्याला लागलेल्या जहाजांची राहत नाही, आधीपासून शेती करणाऱ्या, गावं वसवणाऱ्या, आपसांत व्यापार करणाऱ्या लोकांची होते. अभ्यासक्रमात नऊ कालखंड आहेत. चौथा १८०० ते १८४८, पाचवा १८४४ ते १८७७, सहावा १८६५ ते १८९८. वर्षं एकमेकांवर चढलेली दिसतात ना? ती छपाईची चूक नाही. यादवी युद्धाची गोष्ट सांगायची तर १८४४च्या निवडणुकीपासून, टेक्सासच्या आणि पश्चिमेकडच्या जमिनीच्या हव्यासापासून धागा धरावा लागतो. कारखान्यांची आणि रेल्वेची सांगायची तर युद्ध संपलं त्या १८६५पासून. कालखंड माणसांनी पाडलेले असतात, आणि कारण देता आलं तर कुणीही ते दुसरीकडे पाडू शकतो. एवढं पहिल्या आठवड्यात उमगलं की सनावळ्या घोकाव्या लागत नाहीत.

भाची : परीक्षेत विचारतात काय?

आत्या : सव्वातीन तासांची परीक्षा, आता संगणकावर. ५५ मिनिटांत ५५ बहुपर्यायी प्रश्न, त्यांना ४० टक्के. तीन छोटी उत्तरं, २० टक्के. एक मोठा निबंध, १५ टक्के. हे तुला शाळेत पहिल्याच दिवशी सांगतील. थांबायचं ते उरलेल्या २५ टक्क्यांपाशी. त्याला डीबीक्यू म्हणतात, म्हणजे कागदपत्रांवर आधारलेला प्रश्न. १९७३पासून तो या परीक्षेत आहे आणि माझ्या मते साऱ्या अभ्यासक्रमाचा प्राण तोच आहे. सात कागद समोर येतात : एखादं पत्र, भाषण, ठराव, व्यंगचित्र. साठ मिनिटं, त्यातली पंधरा वाचायला. सात गुण कसे वाटलेत ते ऐक. एक गुण थीसिसला, म्हणजे ज्यावर वाद घालता येईल अशा तुझ्या विधानाला. एक त्या काळाच्या व्यापक संदर्भाला. दोन, ते कागद पुरावा म्हणून वापरण्याला. एक, कागदांबाहेरची नेमकी माहिती आणण्याला. एक, कागद कोणी, कोणासाठी, केव्हा आणि कशासाठी लिहिला हे ओळखण्याला. शेवटचा, प्रश्नातली गुंतागुंत पेलण्याला. नुसत्या आठवणीवर मिळेल असा गुण यात जेमतेम एक. बाकी सगळीकडे तुला एकच विचारलंय : तुझं म्हणणं काय, आणि ते कशावरून?

भाची : तेच तर. थीसिस म्हणजे माझं मत. ते चुकलं तर?

आत्या : आधीच ठरलेलं बरोबर मत तिथे नसतं. अमेरिकन क्रांतीने समाज किती बदलला, असा प्रश्न आला समज. 'खोलवर बदलला' म्हणणारी राजसत्ता गेल्याचं आणि उत्तरेकडच्या राज्यांनी गुलामगिरी संपवायला सुरुवात केल्याचं दाखवेल. 'वरवर बदलला' म्हणणारी दक्षिणेत गुलामगिरी टिकल्याचं दाखवेल, आणि न्यू जर्सीतली थोडी वर्षं सोडली तर बायकांना मत नव्हतं याकडे बोट करेल. दोघी पूर्ण गुण मिळवू शकतात. 'काही बदललं, काही बदललं नाही' एवढंच लिहिणारीचा मात्र गुण जातो, कारण त्यात कुणी नाकारावं असं काहीच नाही.

भाची : पण तपासणाऱ्याला माझं मत पटलंच नाही तर?

आत्या : तुझं आपलं पुन्हा तेच! अगं, जूनमध्ये हायस्कुलांचे आणि कॉलेजांचे इतिहासशिक्षक उत्तरं तपासतात आणि गुणांची चौकट सगळ्यांना एकच असते. तुझ्याशी सहमत होणं हे त्यांचं कामच नाही. चूक होते ती कागद वाचण्यात. लिंकनचं एक पत्र घे. ऑगस्ट १८६२मध्ये त्याने 'न्यूयॉर्क ट्रिब्यून'चा संपादक होरेस ग्रीली याला जाहीर उत्तर दिलं. आशय असा, की संघराज्य वाचवणं हे माझं पहिलं काम. एकाही गुलामाला मुक्त न करता ते वाचत असेल तर तसं करीन, सगळ्यांना मुक्त करून वाचत असेल तर तसं करीन. एवढंच वाचणारी मुलगी लिहून टाकते, लिंकनला गुलामगिरीचं सोयरसुतक नव्हतं. आता तारखा बघ. त्याच्या महिनाभर आधी, २२ जुलैला, मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा त्याने मंत्रिमंडळापुढे ठेवला होता आणि रणांगणावरच्या यशाची वाट बघत तो बाजूला ठेवला होता. १७ सप्टेंबरला अँटिएटमची लढाई झाली आणि पाच दिवसांनी प्राथमिक जाहीरनामा निघाला. म्हणजे साशंक जनतेला पुढच्या पावलासाठी तयार करणारं ते पत्र होतं, असं म्हणता येतं. उलट कुणी म्हणेल, संघराज्यच त्याला सर्वांत मोठं होतं. जाहीरनाम्याने मुक्ती दिली तीही बंडखोर प्रदेशांतल्याच गुलामांना. तेही पुराव्याने मांडता येतं. दोन्ही मतं उभी राहतात. कोसळतं ते तारीख न बघता काढलेलं अनुमान. सन लक्षात ठेवायचा तो यासाठी, हे बाबाला सांग.

आणि ही काही अमेरिकेची मक्तेदारी नव्हे. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली निघाला आणि पुढची कित्येक वर्षं प्रमाण मानला गेला. १८६०च्या दशकात नीळकंठ जनार्दन कीर्तने या विशीतल्या तरुणाने त्यावर टीका लिहिली आणि डफच्या विधानांना आधार कोणता, असं विचारलं. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी १८९८पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे खंड काढले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. अस्सल कागदासाठी गावोगाव, वाड्यावाड्यांतून फिरलेल्या माणसांचा वारसा आपला, आणि घरात मुलांना आपण सांगतो, पाठ कर! मला हे सहन होत नाही.

भाची : पण अभ्यासक्रमालाच स्वतःचं मत असेल तर? कागद निवडणारेही माणसंच ना?

आत्या : ही शंका मला टाळता येणार नाही. २०१४ साली नवा आराखडा आला तेव्हा रिपब्लिकन पक्षाच्या राष्ट्रीय समितीने ठराव करून त्याचा निषेध केला : यात देशाची काळी बाजूच रंगवली आहे. कोलोरॅडोतल्या जेफरसन काउंटीच्या शाळामंडळात देशभक्ती वाढेल असाच इतिहास शिकवावा असा प्रस्ताव आला, तेव्हा शेकडो विद्यार्थी वर्ग सोडून रस्त्यावर आले. ती तुझ्याच वयाची मुलं होती. २०१५ साली आराखडा सुधारून निघाला. माझ्या मते तेव्हा दोन्ही बाजूंच्या काही मोठ्यांचा समज एकच होता : मुलं वाचतील ते तसंच्या तसं गिळतील. निवड कधीच निष्पक्ष नसते, हे मान्य. पण जी परीक्षा मुलीला 'हा कागद कोणी, कशासाठी लिहिला' असं विचारायला शिकवते, तिने तोच प्रश्न आराखड्याला आणि पाठ्यपुस्तकाला विचारायची सोयही करून ठेवली आहे. अर्थात शिक्षकाने ती वापरू दिली तर. एप्रिलअखेर पाचशे वर्षं उरकायची घाई असते आणि त्या घाईत आधी कागद सुटतात, सारांश उरतात. हा या योजनेतला खरा दोष. मी असते तर दोन कालखंड भराभर पुढे नेले असते आणि यादवी युद्धानंतरच्या पुनर्रचनेच्या काळापाशी तीन आठवडे थांबले असते.

भाची : बरं. आणि कॉलेजात क्रेडिट?

आत्या : काही ठिकाणी मिळतं, काही ठिकाणी नाही. डार्टमथने २०१८च्या तुकडीपासून देणं बंद केलं. आणि परीक्षेत पाचपैकी तीन किंवा जास्त मिळवणारी मुलं २०२३ साली निम्म्याहून थोडी कमी होती, २०२४ साली सत्तर टक्क्यांच्या वर गेली. मुलं तशीच होती, बदलली ती गुण ठरवायची पद्धत. म्हणून त्या आकड्यासाठी हा विषय घेऊ नकोस. अर्जावर सात-आठ एपी रचणाऱ्या आईवडिलांशी मी वर्षानुवर्षं वाद घातलाय. एक पान नीट वाचायला वेळ उरत नाही या मुलांना!

भाची : तरी मला वाटतंच, मत चुकलं तर.

आत्या : मग लिहूनच बघ. १९६५च्या इमिग्रेशन कायद्याने काय बदललं? एक वाक्य.

भाची : '१९६५च्या कायद्याने देशानुसार ठरवलेले कोटे रद्द केले आणि भारतीयांसाठी अमेरिकेचं दार उघडलं.'

आत्या : खरं आहे. पण हे नाकारणार कोण? आता कागद घे. ३ ऑक्टोबरला स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशी सही करताना अध्यक्ष जॉन्सनने सांगितलं, हा काही क्रांतिकारक कायदा नाही, लोकांच्या रोजच्या जगण्यात त्याने उलथापालथ होणार नाही.

भाची : खोटं बोलत होता?

आत्या : कोणासमोर बोलत होता ते बघ. काँग्रेसमधल्या काहींची अटकळ होती, की नातेवाइकांना प्राधान्य दिलं तर येणारे लोक बहुतेक युरोपातलेच असतील, कारण इथे नातेवाईक होते ते त्यांचे.

भाची : मग असं? 'लोकसंख्येचा चेहरा तसाच राहील अशा हिशेबाने कुटुंबाला प्राधान्य देणारा १९६५चा कायदा कुशल कामगारांची वाट आणि नात्यांची साखळी यांमुळे करणाऱ्यांच्या अपेक्षेच्या उलट फिरला.'

आत्या : यावर मी भांडू शकते. काही पुरस्कर्त्यांना वंशभेदाचे कोटे मनापासून नकोच होते, त्यांचं काय? आणि संदर्भाचा गुण राहिला. १९२३ साली भगतसिंग थिंडच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने भारतीय माणसाला नागरिकत्व नाकारलं होतं, ते कुठे बसवशील?

भाची : थांब, वही आणते.