अनुभवी संगणकधारकाची सुरक्षा

संगणक हाताळण्यात मुरलेल्या माणसाला संरक्षक प्रोग्रामांची गरज कितपत असते, हे ठरविण्यापूर्वी एक घटना ध्यानात घेतली पाहिजे. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ हा उपद्रवी प्रोग्राम पसरू लागला आणि सुमारे १५० देशांतील २ लाखांहून अधिक संगणक त्याने ग्रासले. संगणकातील माहिती कुलूपबंद करून तो खंडणी मागत असे. त्याच्या प्रसारासाठी कोणी फसवे पत्र उघडण्याची आवश्यकता नव्हती. विंडोज या कार्यप्रणालीतील एका उणिवेतून तो आपोआप पुढील संगणकात शिरे. ही उणीव दूर करणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च रोजीच उपलब्ध केली होती.

यावरून असे दिसते की, अनुभव माणसाला फसवणुकीपासून वाचवितो, प्रणालीतील छिद्रापासून नव्हे. आणि पहारेकरी वाढविल्याने छिद्र बुजत नाही. उलट, प्रत्येक फाईल तपासणारे दोन विषाणुरोधक प्रोग्राम एकाच वेळी चालविले, तर ते परस्परांना अडथळा करतात आणि संगणक मंदावतो. २०१२ मधील विंडोज ८ पासून असा एक प्रोग्राम कार्यप्रणालीतच अंतर्भूत आहे. जाणकाराच्या घरगुती वापरास तो बहुधा पुरतो.

मात्र दुरुस्त्या वेळेवर घेणे, रोजच्या कामासाठी मर्यादित अधिकारांचे खाते वापरणे आणि महत्त्वाच्या माहितीची प्रत संगणकापासून अलग ठेवलेल्या डिस्कवर जपणे, यांना पर्याय नाही. इतर सारे उपाय फसले, तरी ही प्रत शाबूत राहते.