दंतकथेतील कवियाल आणि ऐतिहासिक चित्रपट

लोकांचे रंजन करणाऱ्या कलावंताचे चरित्र लिहिणे हे राजाचे चरित्र लिहिण्यापेक्षा अधिक कठीण असते. राजाच्या मागे सनदा, नाणी आणि पत्रव्यवहार उरतो. कलावंताच्या मागे उरतात ती काही गाणी, काही चुटके आणि त्याच्या मृत्यूविषयीची एखादी हकीकत. ही हकीकत जितकी करुण, तितकी ती दीर्घकाळ टिकते. पुढे एखादा चित्रपट-दिग्दर्शक तिला हात घालतो आणि मग गाणे, दंतकथा व चित्रपट असे तीन थर एकमेकांत मिसळून जातात. हे थर वेगळे कसे करावेत, हा या प्रकरणाचा विषय आहे. त्यासाठी कलकत्त्यातील कविगानाचे आणि त्यावर आधारलेल्या दोन बंगाली चित्रपटांचे उदाहरण घेतले आहे.

तुलनेसाठी प्रथम तुर्कस्तानकडे वळू. तेथील छायानाट्यात कारागॉझ आणि हाजिवात अशी दोन पात्रे आहेत. पहिला रांगडा व फटकळ, तर दुसरा शब्दपंडित. या दोघांच्या शाब्दिक चकमकीवर सारा खेळ उभा असतो. दंतकथा अशी की, चौदाव्या शतकात सुलतान ओरहानच्या काळी बुर्सा येथे मशिदीचे बांधकाम चालू असताना हे दोघे तेथे कामाला होते. एक लोहार, दुसरा गवंडी. त्यांचे विनोद ऐकण्यात इतर मजूर रंगून जात आणि काम अडून राही. सुलतानाने रागाने दोघांना देहदंड दिला. नंतर त्याला पश्चात्ताप झाला, तेव्हा शेख क्युश्तेरी नावाच्या गृहस्थाने पडद्यावर त्यांच्या आकृती नाचवून त्यांना पुन्हा जिवंत केले. तथापि तुर्की छायानाट्याचा विश्वसनीय पुरावा सोळाव्या शतकापासूनचा आहे, आणि सतराव्या शतकातील प्रवासी एव्लिया चेलेबी याने या दोघांची वेगळीच हकीकत दिली आहे. म्हणजे बुर्साची कथा हा इतिहास नव्हे. असे असूनही २००६ मध्ये एझेल आकाय या दिग्दर्शकाने याच कथेवर ऐतिहासिक चित्रपट काढला आणि त्याचे नावच ‘हाजिवात आणि कारागॉझ यांना का ठार मारले?’ अशा अर्थाचे ठेवले. चित्रपट दंतकथेकडून उत्तर मागतो, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

कविगानाचे स्वरूप

कलकत्त्यात या जोडीला जवळचे असे जे काही आहे, ते कविगानात सापडते. अठराव्या शतकाचा उत्तरार्ध आणि एकोणिसाव्या शतकाचा पूर्वार्ध हा कविगानाच्या भरभराटीचा काळ होय. दोन पक्ष समोरासमोर उभे राहत. एक पक्ष गाण्यातून प्रश्न टाकी, त्यास ‘चापान’ म्हणत. दुसरा पक्ष त्याला गाण्यातूनच ‘उतोर’ देई. साथीला ढोल आणि काशी हे काशाचे वाद्य असे. मुख्य गायकाला कवियाल, त्याच्यामागे धरणाऱ्या साथीदारांना दोहार आणि पक्षासाठी गाणी रचून देणाऱ्याला बांधनदार अशी नावे होती. आरंभी देवीविषयक गीत, मग राधेच्या सख्यांचा संवाद, त्यानंतर विरह आणि रात्र चढत गेली की उघड शिवीगाळीपर्यंत पोचणारा ‘खेऊड’, असा सामान्यतः क्रम असे.

मराठी वाचकाला येथे कलगी-तुऱ्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. तेथेही शक्तीला श्रेष्ठ मानणारे कलगीवाले आणि शिवाला श्रेष्ठ मानणारे तुरेवाले सवाल-जवाबांनी रात्र जागवीत. फरक आहे तो आश्रयाचा. कलकत्ता हे ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापारावर वाढलेले नवे शहर होते. तेथे दलाली आणि दिवाणगिरीतून श्रीमंत झालेली घराणी आपल्या वाड्यांत दुर्गापूजेच्या निमित्ताने कविगानाचे जलसे ठेवीत. शोभाबाजारचा राजा नवकृष्ण देव (१७३३–१७९७) हा अशा आश्रयदात्यांत अग्रगण्य. त्याचा आवडता कवियाल हरू ठाकूर. राजाने दिलेली शाल अपमानास्पद वाटून हरू ठाकुराने ती ढोलवाल्याच्या डोक्यावर टाकली, असा प्रवाद आहे. तो खरा असो वा नसो, धनिक आणि कलावंत यांच्यातील तणाव त्यातून स्पष्ट होतो.

कविगानाचा दुसरा विशेष म्हणजे त्यातील जातींची सरमिसळ. हरू ठाकूर ब्राह्मण, केष्टा मुची हा चांभार, तर भोला मयरा नावाप्रमाणेच हलवाई. बागबाजारात त्याचे मिठाईचे दुकान होते. रसगुल्ल्यासाठी प्रसिद्ध असलेले नवीनचंद्र दास यांचा विवाह पुढे याच भोलाच्या नातीशी झाला. यज्ञेश्वरी नावाची स्त्री कवियालही या काळात गात होती. जो उत्तर देईल तो श्रेष्ठ, एवढाच आसराचा नियम होता. निदान आसर चालू असेपर्यंत तरी तो पाळला जाई.

अँटनी फिरंगी

अशा या आसरात एक पोर्तुगीज वंशाचा मनुष्य उभा राहिला. त्याचे नाव हेन्समन अँटनी. त्याचा काळ साधारणतः १७८६ ते १८३६ असा मानतात. त्याचे वास्तव्य चंदननगर परिसरात होते. प्रारंभी गोरक्षनाथ नावाचा बांधनदार त्याला गाणी रचून देत असे. पुढे अँटनी स्वतःच बंगालीत रचना करू लागला. त्याने धोतर स्वीकारले, देवीची गाणी रचली आणि सौदामिनी नावाच्या एका ब्राह्मण विधवेशी संसार थाटला, असे परंपरा सांगते.

प्रतिस्पर्ध्यांनी त्याला कशावरून डिवचले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. अंगात कोट आणि डोक्यावर टोपी का नाही, असे ठाकूर सिंह याने विचारले. तेव्हा अँटनीने उत्तर दिले की, बंगालमध्ये बंगाली वेषात आपण सुखी आहोत. ठाकूर सिंहाच्या बापाचे जावई झाल्यावर कोट-टोपी आपण सोडून दिली! राम बसूने त्याच्या कृष्णभक्तीची थट्टा केली, तेव्हा ख्रिस्त आणि कृष्ण यांत भेद नाही, माणसे केवळ नामभेदाने भुलतात, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. पहिले उत्तर खेऊडाच्या जातीचे आहे, तर दुसरे साधुसंतांच्या मुखी शोभण्याजोगे. दोन्ही एकाच माणसाची मानली जातात. प्रतिपक्षाची शिवी उलटविता येणे आणि तिच्या वर उठता येणे या दोन्ही कला कवियालाला साधाव्या लागत.

कलकत्त्याच्या बहूबाजार भागात, हल्लीच्या बिपिनबिहारी गांगुली रस्त्यावर, फिरंगी कालीबाडी नावाचे मंदिर आहे. लोक त्याचा संबंध अँटनीशी जोडतात. त्या वस्तीत पूर्वी राहणाऱ्या फिरंगी लोकांमुळे हे नाव पडले, असेही एक मत आहे. दंतकथा जागेला कशी चिकटते, याचा हा नमुना होय.

पुरावा कोठून येतो?

या साऱ्या माहितीचा मुख्य आधार कोणता? कवी आणि संपादक ईश्वरचंद्र गुप्त (१८१२–१८५९) यांनी १८५० नंतरच्या दशकात जुन्या कवियालांची गाणी आणि चरित्रे शोधून आपल्या ‘संवाद प्रभाकर’ या पत्रात छापण्यास प्रारंभ केला. तरुणपणी त्यांनी स्वतः कविगानाच्या पक्षांसाठी गाणी रचली होती. त्यामुळे लोप पावत चाललेल्या या कलेची त्यांना आच होती. कवियालांनी स्वतः फारसे काही लिहून ठेवले नव्हते. वृद्धांच्या आठवणीतून जे मिळाले, ते संग्रहात आले. जे मिळाले नाही, ते कायमचे गेले. पुढे रवींद्रनाथ ठाकुरांनी कविगानाची परखड समीक्षा केली. नव्या राजधानीतील रसहीन धनिकांच्या क्षणिक करमणुकीसाठी ही गाणी जन्मली, असा त्यांचा अभिप्राय होता. तो स्वीकारला, तरी एक प्रश्न उरतोच. क्षणिक करमणुकीसाठी उभा राहिलेला फिरंगी शंभर-दीडशे वर्षे लोकांच्या मनातून का गेला नाही?

१९६७ चा चित्रपट

या प्रश्नाचे एक उत्तर १९६७ साली सुनील बॅनर्जी यांच्या ‘अँटनी फिरिंगी’ या चित्रपटाने दिले. उत्तम कुमार यांनी अँटनीची आणि असित बरन यांनी भोला मयराची भूमिका केली. नायिका होत्या तनुजा, म्हणजे मराठी प्रेक्षकांच्या परिचयाच्या शोभना समर्थ यांच्या कन्या. संगीत अनिल बागची यांचे होते आणि अँटनीची गाणी मन्ना डे यांनी गायिली. उत्कृष्ट अभिनेत्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार देण्यास त्या वर्षीच्या चित्रपटांपासून प्रारंभ झाला. हा पहिला पुरस्कार उत्तम कुमार यांना याच चित्रपटासाठी आणि सत्यजित राय यांच्या ‘चिडियाखाना’साठी मिळाला.

चित्रपटाने परंपरेतील विधवेच्या जागी निरुपमा नावाची नर्तकी आणली. अँटनी तिच्याशी विवाह करतो. सनातनी मंडळी त्या घरावर डोळा ठेवून असतात. अखेरीस अँटनी आसरात भोला मयराशी झुंजतो आणि जिंकतो. इकडे त्याचे घर जाळले जाते आणि पत्नी मरण पावते.

हा शेवट म्हणजे सिद्ध झालेला इतिहास नव्हे. मग तो खोटा म्हणून बाजूला सारावा काय? येथे काही तारखा साहाय्यास येतात. सतीबंदीचा कायदा १८२९ चा आहे. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा, म्हणजे अँटनीच्या मानलेल्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी झालेला. भिन्न धर्मीयांच्या नोंदणी विवाहासाठी पहिला कायदा १८७२ मध्ये आला. अर्थात ब्राह्मण विधवा आणि फिरंगी यांच्या संसाराला त्या काळी हिंदू समाजाचीही मान्यता नव्हती आणि कायद्याचेही संरक्षण नव्हते. आग लागली की नाही, हे सिद्ध करता येत नाही. परंतु ती लावली जाऊ शकत होती, हे निर्विवाद आहे. चित्रपटातील प्रसंगाचे मोल घटनेचा पुरावा म्हणून नाही, तर परिस्थितीचे चित्र म्हणून आहे.

बुर्साच्या कथेशी तुलना केली, तर महत्त्वाचा भेद दिसतो. तेथे हसविणाऱ्यांना शिक्षा करतो तो सुलतान. येथे शिक्षा करतो तो समाज, आणि तीही हसविणाऱ्याला न करता त्याच्या पत्नीला करतो. आसरात ज्याला टाळ्या मिळाल्या, त्याला शेजार मिळाला नाही. मराठीतही याला जवळची कथा आहे. सोलापूरचा राम जोशी हा ब्राह्मण तमाशाच्या फडात उभा राहिला आणि घराबाहेर पडला. त्याच्यावर १९४७ मध्ये ‘लोकशाहीर राम जोशी’ हा चित्रपट निघाला. जयराम शिलेदार आणि हंसा वाडकर यांनी त्यात कामे केली आणि लेखन ग. दि. माडगूळकर यांचे होते. राम जोशी स्वतःच्या जातीतून बाहेर पडत होता, तर अँटनी दुसऱ्या समाजात आत येऊ पाहत होता. उंबरठा मात्र एकच होता.

२०१४ चा चित्रपट

श्रीजित मुखर्जी यांचा ‘जातिश्वर’ हा चित्रपट २०१४ मध्ये प्रदर्शित झाला. त्यात प्रोसेनजित चॅटर्जी यांनी दुहेरी भूमिका केली : एक अँटनीची आणि दुसरी चंदननगरच्या ग्रंथालयात काम करणाऱ्या कुशल हाजराची. आपण पूर्वजन्मी अँटनी होतो, असे या कुशलला वाटते. त्याची कहाणी ऐकतो तो कलकत्त्यात वाढलेला एक गुजराती तरुण. त्याला एका बंगाली मुलीसाठी बंगालीत गाणे करावयाचे असते. म्हणजे परभाषकाने बंगाली होण्याचा प्रश्न येथे नव्या रूपात मांडला आहे. कबीर सुमन यांच्या संगीतासह या चित्रपटाला चार राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. त्यांपैकी रंगभूषेचा पुरस्कार विक्रम गायकवाड यांना मिळाला.

दोन्ही चित्रपटांना अँटनीच्या जवळ जाण्यासाठी कल्पनेचा आधार घ्यावा लागला. पहिल्याने विधवेची नर्तकी केली; दुसऱ्याने पुनर्जन्माची योजना केली. अशा ठिकाणी अभ्यासकाने तीन प्रश्न विचारावेत. समकालीनांनी काय नोंदविले? लोकांनी त्यात काय मिसळले? चित्रपटाने त्यातून काय निवडले आणि काय बदलले? पहिल्या प्रश्नाने इतिहास मिळतो, दुसऱ्याने समाजाचे मन कळते, तिसऱ्याने चित्रपट ज्या काळात निघाला, त्या काळाची गरज कळते.

या तिन्ही प्रश्नांच्या पलीकडे एक जागा मात्र रिकामी राहते. अँटनीची गाणी उरली, भोला मयराच्या कोट्या उरल्या, ठाकूर सिंहाचे टोमणेसुद्धा उरले. सौदामिनीचे एकही वाक्य उरलेले नाही. ती विधवा होती एवढे परंपरा सांगते. ती जळाली असे चित्रपट सांगतो. ती काय म्हणाली हे कोणीच सांगत नाही. ईश्वरचंद्र गुप्तांसारखा संग्राहक दाराशी आला, तेव्हा लोकांनी त्याला आसरातील जय-पराजय ऐकविले. घरातील गोष्ट कोणी विचारली नाही आणि कोणी सांगितली नाही. कविगानाचा किंवा त्यावरील चित्रपटांचा अभ्यास करणाऱ्याने जे जपले गेले त्याबरोबरच, काय जपले गेले नाही, याचीही नोंद केली पाहिजे.