बिनतारी जाळ्याचे कुलूप

लातूरच्या गंजगोलाईपासून सोळा रस्ते निघतात. रस्ता डोळ्यांना दिसतो. त्यावरून कोण आले, कोण गेले, हेही दिसते. घरातील वाय-फायच्या राउटरमधून निघणाऱ्या लहरी मात्र दिसत नाहीत. त्या सर्व दिशांना पसरतात, भिंती ओलांडून जिन्यात आणि गल्लीत पोहोचतात. विटांची भिंत चोराला अडविते. लहरींना ती पुरती अडवीत नाही. म्हणूनच या जाळ्याला निराळे कुलूप लागते.

ते नसले तर काय घडते, हे नवी मुंबईने पाहिले आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोटांची मालिका घडली आणि ५६ माणसे मृत्युमुखी पडली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांकडे धमकीचा ई-मेल आला होता. पोलिसांनी त्याचा माग काढला, तो सानपाडा येथील एका सदनिकेत येऊन थांबला. तेथे एक अमेरिकन गृहस्थ सहकुटुंब राहत होते. त्यांचे संगणक तपासले गेले, त्यांची कसून चौकशी झाली. अखेर उलगडा झाला, तो असा की, त्यांच्या असुरक्षित वाय-फायचा वापर करून तो ई-मेल दुसऱ्याच कोणी पाठविला होता.

संशय त्या घरावरच का आला? घरात दहा उपकरणे असली, तरी बाहेरच्या जगाला बहुधा राउटरचा एकच पत्ता दिसतो. परक्याने त्याच राउटरमधून पत्र धाडले, तर त्यावरही तोच पत्ता उमटतो.

कुलूप म्हणजे मजकूर सांकेतिक करण्याची पद्धत, आणि पासवर्ड ही त्याची किल्ली. १९९७ साली निघालेली ‘वेप’ ही पहिली पद्धत २००१ पर्यंत कच्ची ठरली. पुढे २००४ मध्ये ‘डब्ल्यूपीए-२’ आणि २०१८ मध्ये ‘डब्ल्यूपीए-३’ आली. जुन्या राउटरवर अद्याप ‘वेप’ असेल, तर ते कुलूप नसल्यासारखेच होय.

पक्क्या कुलुपालाही किल्ली नीट हवी. आठ अंकांचे दहा कोटी प्रकार होतात. परंतु त्या आठ अंकांत जन्मतारीख लिहिली, तर शंभर वर्षांच्या तारखा सुमारे ३६,५०० एवढ्याच भरतात. संगणक सेकंदाला हजारो अंदाज करून पाहतो. त्याला हे काम किती वेळाचे? एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडून केलेली लांब किल्ली त्याला फार जड जाते. राउटरची मांडणी बदलण्याचा पासवर्ड वेगळा असतो. कारखान्यातून आलेला तो पासवर्ड पुष्कळ घरांत तसाच राहून जातो, ही मोठी चूक आहे.

लातुरात शिक्षणासाठी बाहेरगावचे असंख्य विद्यार्थी भाड्याच्या खोल्यांत राहतात. घरमालकाची किल्ली एका मुलाकडून दुसऱ्याकडे जाते. परीक्षा संपून मुले गावी गेली, तरी ती त्यांच्या फोनमध्ये राहते. ‘डब्ल्यूपीए-२’मध्ये तर किल्ली जाणणाऱ्याला इतरांचे दळणवळणही चोरून उकलता येऊ शकते. बँकेची संकेतस्थळे आपला मजकूर स्वतंत्रपणे सांकेतिक करतात, तेवढाच आधार. यास्तव पाहुण्यांसाठी राउटरवर वेगळे जाळे काढावे आणि जुने भाडेकरू गेले की किल्ली बदलावी. मग आजोबांच्या फोनपासून बैठकीतील टीव्हीपर्यंत प्रत्येक उपकरणाला ती नव्याने सांगावी लागते, आणि त्यात अर्धा तास सहज मोडतो.