अख्खा पर्वत उचलण्याआधी : गाडीच्या गरम-गार सीटचे निदान

रामायणातली ती गोष्ट आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. लक्ष्मणासाठी संजीवनी आणायला गेलेल्या मारुतीला नेमकी वनस्पती ओळखू येईना, म्हणून त्याने अख्खा द्रोणागिरीच उचलला. त्याचा एक तुकडा उरणजवळ पडला आणि तोच हा आपला द्रोणागिरी डोंगर, असे इकडची जुनी माणसे सांगतात. मारुतीरायाकडे वेळ कमी होता आणि ताकद भरपूर. आपल्याकडे नेमके उलटे असते! तरीही गाडीची सीट गरम किंवा गार होईनाशी झाली की सर्रास सल्ला मिळतो, "पूर्ण सीट बदलून टाका." म्हणजे पुन्हा पर्वतच. तर मित्रांनो, पर्वत न उचलता मुळी कशी शोधायची, तेवढेच या लेखात पाहू.

सुट्टीत मी द्रोणागिरी नोडमधल्या एका छोट्या गॅरेजमध्ये हाताखाली काम केले. तिथल्या मिस्त्रीकाकांकडून जे शिकलो आणि मग पुस्तकाशी ताडून पाहिले, ते इथे मांडतो.

हे प्रकरण आहे काय?

गरम सीट तशी जुनी. १९७२ मध्ये साब कंपनीने आपल्या गाडीत चालकाची सीट विजेवर गरम करायची सोय दिली. स्वीडनच्या थंडीत ते ठीकच. आपल्याकडे कौतुक आहे ते गार सीटचे. २०१७ च्या ह्युंदाई वेर्नात आणि २०१९ च्या किया सेल्टॉसमध्ये पुढच्या सीटला पंखे आले, आणि त्यानंतर ही सोय मधल्या किमतीच्या गाड्यांतही दिसू लागली.

गरम सीटमध्ये गादी आणि पाठ या दोन्हींत कव्हरखाली रोधतारेची किंवा कार्बन धाग्यांची चटई असते. शेजारी तापमान सांगणारा थर्मिस्टर असतो आणि कंट्रोल मॉड्यूल त्याच्याकडे बघून प्रवाह कमी-जास्त करते. थोडक्यात काय, हॉस्टेलमध्ये लपवून ठेवलेल्या कॉइलचीच ही सभ्य बहीण.

गार सीटचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात फक्त पंखा असतो. तो छिद्रे असलेल्या लेदरमधून हवा ढकलतो किंवा ओढतो. तो हवा थंड करत नाही, घाम वाळवतो. एक ग्रॅम घाम वाळताना सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता घेऊन जातो, तो गारवा आपल्याला जाणवतो. दुसऱ्या प्रकारात पंख्याबरोबर पेल्टिए घटक असतो. फ्रेंच शास्त्रज्ञ पेल्टिए यांनी १८३४ मध्ये दाखवलेला हा परिणाम : दोन वेगळ्या वाहकांच्या सांध्यातून प्रवाह सोडला की एक बाजू गार आणि दुसरी गरम होते. गरम बाजूची हवा बाहेर काढून दिली नाही, तर गार बाजूही गार राहत नाही.

पायरी १ : आधी विचारा, मग खोला

मिस्त्रीकाकांचे पहिले वाक्य ठरलेले, "पोरा, पाना खाली ठेव, आधी गिऱ्हाइकाला विचार." कुठली सीट? गादी की पाठ? गरमही होत नाही आणि गारही? सीट मागे-पुढे केली की फरक पडतो का? बटणावरचा दिवा लागतो का?

अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात. जुलैत द्रोणागिरीच्या दमट हवेत घाम वाळतच नाही, त्यामुळे एसी बंद ठेवून नुसता सीटचा पंखा लावला तर पाठ चिकचिकणारच. एसीने केबिनमधली हवा कोरडी झाली की तीच सीट गार वाटते. बऱ्याच गाड्यांत इंजिन चालू असल्याशिवाय ही सोय चालत नाही. आणि सगळ्यात मोठा आपला देशी बिघाड म्हणजे हौसेने चढवलेले जाड सीट कव्हर! छिद्रांच्या लेदरवर रेक्झिन चढवले की हवा जाणार कुठून? सीटच्या बाजूला एअरबॅग असेल तर त्या कव्हरने तिचाही रस्ता अडतो, ते वेगळेच.

पायरी २ : दिवा काय सांगतो?

दिवा मुळीच लागत नसेल तर शोध फ्यूज, बटण आणि मॉड्यूलच्या पुरवठ्याकडे न्यावा. दिवा लागून काही सेकंदांत विझत असेल तर मॉड्यूलला काहीतरी खटकले आहे : तार तुटली, शॉर्ट झाली किंवा थर्मिस्टर बिघडला. दिवा छान लागून राहतो पण परिणाम शून्य, तर पंखा, हवेची वाट किंवा जोडण्या बघाव्यात.

थर्मिस्टरची गंमत परीक्षेलाही विचारण्यासारखी आहे. तापमान वाढले की त्याचा रोध कमी होतो. मग त्याची तार तुटली तर रोध अनंत, म्हणजे मॉड्यूलच्या लेखी सीट बर्फासारखी थंड! बिनडोक सर्किट अशा वेळी तापवतच राहील. म्हणून नीट रचलेले मॉड्यूल अशक्य आकडा दिसताच हीटर बंद करते. तो बिघाड नसून राखण आहे. तिला जंपर लावून चकवू नये.

स्कॅनर असेल तर जरूर लावा. पण सीटचे कोड 'बी' अक्षराने सुरू होणारे, म्हणजे बॉडीचे असतात. इंजिनचेच कोड वाचणारा स्वस्त स्कॅनर "सब ठीक" म्हणाला तरी त्यावर विसंबू नये.

पायरी ३ : दोघे एकदम बिघडले, तर दोघांत समाईक काय?

आता एक प्रत्यक्ष उदाहरण. एक गृहस्थ गाडी घेऊन आले. त्यांच्या आईला मधुमेह, त्यात कंबरदुखी, म्हणून शेजारची सीट गरम करून त्यांना दवाखान्यात न्यायचे. सीट जेमतेम कोमट होत होती. दुसरीकडे त्यांना पूर्ण सीट बदलायचा सल्ला मिळाला होता आणि आकडा ऐकून ते हबकले होते.

काकांनी सीटचा पंखाही लावून पाहिला. तोही मंद. हीटर आणि पंखा दोन्ही एकाच वेळी म्हातारे होणे अवघड. मग दोघांत समाईक काय? पुरवठ्याची वायर आणि अर्थिंग. फ्यूजच्या दोन्ही टोकांना व्होल्टेज बरोबर होते. सीटखालचा कपलर काढून मीटर लावला, तिथेही पूर्ण १२ व्होल्ट! इथेच नवशिका म्हणतो, "वायरिंग ओके, सीट खराब."

पण मीटरचा स्वतःचा रोध प्रचंड असतो, त्यातून प्रवाह जवळपास वाहतच नाही. प्रवाह नाही तर गंजलेल्या सांध्यावर व्होल्टेज पडणार कसे? म्हणून कपलर पुन्हा जोडून, हीटर पूर्ण क्षमतेवर ठेवून, अर्थिंगची पिन आणि गाडीची बॉडी यांच्यामध्ये मीटर धरला. तिथे जवळजवळ शून्य यायला हवे होते, आले दोन व्होल्ट. चोर सापडला! सीटखालच्या अर्थिंगच्या बोल्टपाशी हिरवट गंज होता. खाडीची खारी हवा, पावसात ओल्या चपलांचे पाणी आणि कंटेनर यार्डाच्या रस्त्यांवरची धूळ या तिघांनी मिळून केलेले काम.

हिशोब करून पाहा. समजा ६० वॅटचा हीटर आहे. १२ व्होल्टला ५ अँपिअर, म्हणजे रोध २.४ ओहम. सांध्यात गंजामुळे फक्त अर्धा ओहम वाढला. एकूण २.९ ओहम, प्रवाह ४.१४ अँपिअर. हीटरला मिळाले ४१ वॅट, म्हणजे जवळपास एक तृतीयांश ताकद गेली. आणि साडेआठ वॅट त्या इवल्याशा सांध्यात, कार्पेटखाली तापू लागले. अर्धा ओहम म्हणजे कित्येक मीटरच्या वायरींचाच रोध असतो, तो ओहमच्या पट्टीवर लक्षातही येत नाही. म्हणून चालू प्रवाहात व्होल्टेजची घट मोजायची.

सांधा घासून साफ केला, नवी रिंग लावली, वर ग्रीसचा हात दिला. सीट जागची हललीसुद्धा नाही.

एकच भाग बिघडला असेल तर उलट विचार करा. फक्त पाठ गरम होत नसेल तर समाईक वायर निर्दोष, पाठीकडे जाणारी शाखा बघा. आणि पंखा किंवा चटई बरोबर आहे का, हे ठरवायला उत्तम संदर्भ त्याच गाडीची दुसरी सीट. दोन्हींचे आकडे शेजारी शेजारी लिहा. सीट सरकवताना रोग ये-जा करत असेल तर रेलमध्ये घासलेली वायर शोधा.

पायरी ४ : हात घालण्याआधी

सीटखाली पिवळा कपलर दिसला तर तो एअरबॅगचा. त्याला मीटर लावू नये, टेस्ट लॅम्प तर मुळीच नाही. तो काढणे भागच असेल तर बॅटरी सोडून, गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबावे आणि तो सुटा असताना चावी फिरवू नये. फ्यूज पुन्हा उडाला तर मोठा फ्यूज टाकू नये. तो वायर जाळण्याचा परवानाच. सीटवर गुडघा टेकून मागचे सामान काढू नये, चटईची तार तिथेच मोडते. तुटलेली चटई पीळ देऊन जोडू नये. त्या जागी ठिणगीएवढी जागा भाजण्याइतकी तापते.

आता त्या आजींचा विचार करा. मधुमेहात पुष्कळांच्या त्वचेची जाणीव मंदावते. त्यांना चटका कळणारच नाही, कळेल तेव्हा फोड आलेला असेल. म्हणून गाडी देण्याआधी काकांनी सीटवर थर्मामीटर ठेवून हीटर पंधरा मिनिटे चालवला, तापमान एका जागी थांबते याची खात्री केली, आणि त्या गृहस्थांना बजावले, "आईंना बसवायच्या आधी गरम करा, बसल्यावर बंद करा."

आपल्या जर्नलमध्ये 'ऑब्झर्वेशन टेबल' रिकामे ठेवून 'रिझल्ट' आधी लिहिण्याची आपली परंपरा मोठी आहे. व्हायवात ती कदाचित खपेलही. पण सीटवर माणूस बसतो. तेव्हा मित्रांनो, आधी विचारा, समाईक शोधा, प्रवाह चालू ठेवून मोजा आणि मगच पाना उचला.