महागडी मोटार : किंमत आणि मोल

(द्वितीय वर्ष, कला – अर्थशास्त्र)

किंमत आणि मूल्य यांतला भेद वर्गात शिकवला जातो तेव्हा उदाहरण ठरलेले असते, पाणी आणि हिरा. ॲडम स्मिथने १७७६ साली हा प्रश्न मांडला : पाण्यावाचून माणूस जगत नाही, तरी ते स्वस्त; हिऱ्यावाचून कोणाचेच अडत नाही, तरी तो महाग. आमच्या घरात हिरा कोणी पाहिलेला नाही. मोटार मात्र सध्या रोज पाहिली जाते, म्हणजे दादाच्या मोबाइलवर. म्हणून या लेखात मी हिऱ्याच्या जागी मोटार घेतली आहे. तीही साधी नव्हे, ज्या ऐटबाज, वेगवान, बसक्या बांध्याच्या मोटारीला 'स्पोर्ट्स सेडान' म्हणतात ती.

विषय हाच का, तेही सांगते. पन्हाळ्याच्या पायथ्याशी आमचे गाव. रत्नागिरी–नागपूर महामार्गाच्या रुंदीकरणात आमची सव्वा एकर जमीन गेली आणि मोबदल्याची रक्कम एकदम खात्यावर आली. तीन एकर राहिली. माझ्या चुलत भावाचे, दादाचे, म्हणणे पडले की या पैशातून एक मोटार घ्यावी आणि घ्यायचीच तर नावाजलेली घ्यावी. त्यावर घरात दोन महिने नुसती धुसफूस चालली होती. शेवटी चुलत्यांनी, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, मला हाक मारली. "कालेजात अर्थशास्त्रच शिकतीस न्हवं? मग मांड हिशोब." आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. परीक्षेत दहा गुणांचा प्रश्न सोडवणे सोपे. सोप्यात बसलेल्या पाच वडीलधाऱ्यांपुढे सोडवणे अवघड.

हिशेबासाठी मी मुद्दाम एकाच कंपनीच्या दोन मोटारी निवडल्या, म्हणजे नावाचा मोठेपणा दोन्हीकडे सारखाच राहावा आणि यंत्राचा फरक तेवढा उघडा पडावा. एक स्कोडाची स्लाव्हिया. ती पुण्याजवळ चाकणला तयार होते. तिच्या मोठ्या इंजिनाची शक्ती १५० अश्वशक्ती आणि किंमत अठरा लाखांच्या घरात. दुसरी ऑक्टेव्हिया आरएस. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती परदेशातून तयार आणून भारतात अवघ्या शंभर विकल्या. किंमत ४९ लाख ९९ हजार. शक्ती २६५ अश्वशक्ती, ताशी शंभर किलोमीटरचा वेग ६.४ सेकंदांत, कमाल वेग ताशी २५०. स्लाव्हियाला शंभरचा वेग गाठायला सुमारे नऊ सेकंद लागतात. फरक बत्तीस लाखांचा. बीएमडब्ल्यूच्या तसल्या मोटारीकडे वळले तर आकडा सत्तर लाखांपलीकडे जातो, तो मी आण्णांना सांगितलाच नाही.

या बत्तीस लाखांत काय मिळते? काहीच मिळत नाही असे म्हणणारे आमच्या गावात पुष्कळ आहेत, पण ते खरे नाही. स्वस्त मोटारीची मागची दोन चाके एकाच आडव्या तुळईने जोडलेली असतात. एक चाक खड्ड्यात गेले की दुसऱ्यालाही हिसका बसतो. महाग मोटारीत प्रत्येक चाकाला स्वतंत्र दांडे असतात, त्यामुळे वळणावर गाडी रस्ता सोडत नाही. जास्त शक्तीच्या मोटारीला ब्रेकही मोठे द्यावे लागतात, आणि त्यामागे साधे भौतिकशास्त्र आहे : वेग दुप्पट झाला की गाडीतली गतिज ऊर्जा चौपट होते, आणि ती सगळी थांबताना ब्रेकलाच गिळावी लागते.

शक्तीचाही उपयोग आहे. गळिताच्या हंगामात आमच्याकडच्या दुपदरी रस्त्यांवर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर पुढे असतो, मागे लाल कापडाची चिंधी, आणि समोरून एस.टी. येत असते. अशा वेळी ओलांडून जायला लागणारे दोन सेकंद कमी झाले तर तो जिवाचा प्रश्न असतो. हे मी दादाच्या बाजूने लिहून घेतले. परंतु त्यासाठी १५० अश्वशक्ती पुरेशी आहे की नाही, असे विचारल्यावर दादाही म्हणाला, पुरते.

येथे अर्थशास्त्राचा सिद्धान्त उपयोगी पडतो. १८७१ साली इंग्लंडात जेव्हन्स आणि ऑस्ट्रियात मेंगर यांनी एकाच सुमारास पाणी-हिऱ्याचे कोडे सोडवले. वस्तूची किंमत तिच्या एकूण उपयोगावर ठरत नसून शेवटच्या नगाच्या उपयोगावर, म्हणजे सीमांत उपयोगितेवर ठरते. भुकेल्याला पहिली भाकरी अमृत, चौथी जड. आमच्या रस्त्यावर १५० नंतरची अश्वशक्ती ही चौथी भाकरी आहे. केंद्र सरकारने २०१८ साली द्रुतगती मार्गावर मोटारींसाठी जास्तीत जास्त ताशी १२० किलोमीटरची मर्यादा ठरवली. तेव्हा १२० पासून २५० पर्यंतचा सगळा वेग विकत घेता येतो, पण कायद्याने वापरता येत नाही. वाघबीळ सोडून पन्हाळ्याचा चढ लागला की १२० चा तर विचारच नको. पावसाळ्यात तेथे धुक्यात पुढची गाडी दिसत नाही, आणि जुलै २०२१ च्या अतिवृष्टीत तर गडावर जाणारा मुख्य रस्ताच खचला होता. त्याच वेळी केर्लीजवळ पुराचे पाणी आले होते. बसक्या मोटारीला असले पाणी आणि आमच्या गावचे तीन गतिरोधक सारखेच वाईट.

आता बत्तीस लाखांतले कंपनीला किती मिळतात ते पाहू. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या मोटारींवर वस्तू व सेवा कर ४० टक्के आहे, लहान मोटारींवर १८, ट्रॅक्टरवर ५. आमच्या उदाहरणातल्या दोन्ही मोटारी चार मीटरहून लांब, म्हणून दोन्हींना ४० च. पन्नास लाखांतले सुमारे १४ लाख २८ हजार आणि अठरा लाखांतले सुमारे ५ लाख १४ हजार या कराचे. म्हणजे फरकातले नऊ लाखांहून अधिक या एका करातच जातात. आयात शुल्क त्याशिवाय. शिवाय महाराष्ट्रात पेट्रोल मोटारीवर एकरकमी वाहनकर दहा ते वीस लाखांपर्यंत १२ टक्के व त्यावर १३ टक्के, तो किमतीच्या वर भरायचा. तेथेही आणखी फरक पडतो. आबा (माझे वडील) एवढा वेळ गप्प होते. कराचा आकडा ऐकून म्हणाले, "मग मोटार कंची आणि सरकार कंचं?"

रुपयांत सांगितलेले घरात कोणाला जाणवेना, म्हणून मी माप बदलले. २०२५-२६ च्या हंगामासाठी उसाचा रास्त व किफायतशीर दर सव्वादहा टक्के उताऱ्याला टनाला ३५५० रुपये ठरला आहे. या दराने बत्तीस लाख म्हणजे नऊशे टन ऊस. आमचा एकरी चाळीस टनांचा उतार धरला तर राहिलेल्या तीन एकरांतला साडेसात वर्षांचा सगळा ऊस, आणि त्यातून तोडणी-वाहतूक, खत, पाणीपट्टी काहीही वजा न करता. तीच रक्कम बँकेत साडेसहा टक्क्यांनी ठेवली तर वर्षाला दोन लाख आठ हजार, महिन्याला सतरा हजारांवर व्याज. पुस्तकात याला 'संधी परिव्यय' म्हणतात. काकूने शब्द ऐकून घेतला आणि म्हणाली, "म्हंजी पोराची नोकरीच की."

जमीन विकून आलेल्या पैशाचा एक विशेष आहे. पगारदार माणूस महाग मोटार घेऊन फसला तर पुढच्या महिन्यात पुन्हा पगार येतो. सव्वा एकर पुन्हा येत नाही. शिवाय धंद्यातील माणसाला मोटारीची घसारा-रक्कम, वर्षाला १५ टक्क्यांनी, उत्पन्नातून वजा दाखवता येते. शेतीच्या उत्पन्नावर आयकरच नाही, तेव्हा वजावटीचा लाभही नाही. एकच मोटार उद्योजकाला कमी आणि शेतकऱ्याला अधिक किमतीला पडते ती अशी.

याचे मोठे उदाहरण मराठवाड्यात घडले. २०१० च्या ऑक्टोबरात औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) उद्योजकांनी व व्यावसायिकांनी एकत्र येऊन सुमारे दीडशे मर्सिडीझ मोटारी एकाच सौद्यात घेतल्या, ६५ कोटींच्या. स्टेट बँकेने त्यासाठी मोठे कर्ज ७ टक्के व्याजाने दिले. पत्रकार पी. साईनाथ यांनी त्यावर लिहिताना बाजूला ट्रॅक्टरच्या कर्जाचा त्याहून कितीतरी चढा व्याजदर ठेवला. बँकेची बाजू अशी मांडता येईल की घाऊक सौदा, भक्कम कर्जदार, वसुलीची खात्री. तरी शेतकऱ्याच्या घरात बसून हे वाचताना मान खाली जाते. शहरात मागास समजला जाणारा आपला भागही काही कमी नाही हे त्या उद्योजकांना दाखवायचे होते, आणि त्यांनी ते दाखवले. त्यांच्या दृष्टीने पैसे वसूल झाले असणार.

म्हणजे प्रश्न यंत्राचा उरला नाही, मानाचा आला. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टीन व्हेब्लेन याने १८९९ मध्ये लिहिले की काही वस्तू महाग आहेत म्हणूनच हव्याशा वाटतात; स्वस्त झाल्या तर त्यांचे काम संपते. उलट उदाहरण टाटांच्या नॅनोचे. २००८ साली एक लाखाची मोटार म्हणून जगभर गाजली, २००९ मध्ये विक्रीस आली, २०१८ मध्ये बनणे थांबले. कारणे अनेक असतील; पण 'सर्वांत स्वस्त' हे बिरूद लोकांना आपल्या दारात नको होते, हे त्यांतले मोठे. आणि कोल्हापूरकरांना हे व्हेब्लेनने सांगायला नको. दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार दसरा चौकात येते तेव्हा तिचे मायलेज कोणी विचारत नाही. पण ती मोटार मान मिळवायला येत नाही. मान अगोदरचा आहे.

दादाचे दुखणे येथेच आहे. तो एकोणतीस वर्षांचा आहे, आणि चार ठिकाणांहून 'शेती करतो' एवढ्या कारणाने नकार आला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जमणाऱ्या तरुणांनी नवरदेवाच्या वेषात, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला होता. पुष्कळजण हसले. आमच्या घरात हसे कोणाला आले नाही. नऊशे टनांचा हिशेब ऐकून दादा म्हणाला, "मी काय ऊस घिऊन जाऊ व्हय पोरगी बघाय?" यावर उत्तर कोणत्याच पाठ्यपुस्तकात नाही. मान ही काही खोटी वस्तू नव्हे. तिलाही मागणी आहे, बाजार आहे आणि तिच्यावाचून माणसाचे अडते. म्हणून मी तो रकाना कागदावर ठेवला, मोकळा का होईना.

मात्र मी स्वतः मुलगी आहे, आणि या बाजाराच्या दुसऱ्या बाजूला उभी आहे. वर्गातल्या मैत्रिणींशी बोलले. स्थळाबद्दल त्या काय विचारतात? पुढे शिकू देतील का, नोकरी करू देतील का, नळ घरात आहे का, जनावरांचे कोण करते. मोटारीचे नाव एकीने घेतले, तेही ती हप्त्यावर आहे का हे विचारण्यापुरते. महागड्या मोटारीने पाहुण्यांमधल्या पुरुषमंडळींवर छाप पडते हे खरे, आणि अजून पुष्कळ ठिकाणी निर्णय तेच घेतात हेही खरे. पण मी दादाला सांगितले की त्या बत्तीस लाखांच्या व्याजातून गोठ्याला गडी ठेवता येतो, आणि ही गोष्ट मुलीला सांगण्यासारखी आहे.

दादाने मग दुसरा मार्ग काढला : तसलीच मोटार, पण पाच वर्षे वापरलेली, निम्म्या किमतीत. ही सूचना वाटते तितकी शहाणी नाही. विम्याच्या कोष्टकात पाचव्या वर्षापर्यंत मोटारीची किंमत ५० टक्क्यांनी उतरवतात, म्हणून ती निम्म्यात मिळते. परंतु मोटारीची किंमत निम्मी झाली तरी तिच्या सुट्या भागांची होत नाही. पन्नास लाखांच्या मोटारीचे टायर, ब्रेक, गिअरपेटी पाच वर्षांनंतरही पन्नास लाखांच्याच मोटारीची असते, आणि नेमकी तेव्हाच ती बदलायला येते. घ्यायचीच असेल तर ओळखीच्या कारागिराकडून खालून तपासून आणि दुरुस्तीची सगळी बिले पाहून घ्यावी. आमच्या घरापुरते माझे मत विरुद्ध आहे. ज्याचे रोज महामार्गाने येणे-जाणे आहे, ज्याची मिळकत दरमहा वाढती आहे आणि ज्याला मोटार चालवण्यातच आनंद वाटतो, त्याला ती महाग पडणार नाही. दादाला आनंद वाटतो, हे मी त्याला मोटारसायकलवर गड चढताना पाहिले आहे. बाकीच्या दोन अटी बसत नाहीत.

आण्णांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि स्लाव्हियाच्या आकड्याखाली रेघ मारायला सांगितली. अठरा लाख म्हणजेही पाचशे टन, असे आबा पुटपुटले. येत्या रविवारी दादा ती चालवून बघणार आहे. मी त्याला एवढेच सुचवले आहे की हमरस्त्यावर एकट्याने बघू नये; आण्णा, काकू, आबा आणि आई यांना बसवून, पाच माणसांनिशी आमच्या तीन गतिरोधकांवरून आणि मग वाघबीळच्या पुढच्या चढावरून न्यावी. काकू पुढे बसणार की मागे, यावर सध्या वाद चालू आहे.