ब्राँझचा क्रूस घेण्याआधी

पुरानी बस्ती, रायपूर

चि. केदार,

म्युनिकच्या दुकानातल्या क्रूसाचे फोटो पाहिले. दोन पोकळ अर्धे, वर-खाली बिजागऱ्या, पुढे पायघोळ झग्यातला ख्रिस्त. धाटणी बायझंटाइन दिसते. दहाव्या ते बाराव्या शतकात असे क्रूस भरपूर ओतले गेले. आत संताच्या अवशेषाचा कण ठेवून लोक ते गळ्यात घालत. त्यामुळे दुकानदाराच्या ‘दुर्मीळ’वर भाळू नकोस.

आधी झीज बघ. वर्षानुवर्षं अंगावर वागवलेल्या क्रूसाचे उंचवटे, म्हणजे ख्रिस्ताचं नाक, बोटं, गुळगुळीत झालेले असतात आणि कडी एका अंगाला झिजलेली. हिरवा रंग सगळीकडे सारखा आणि कडा करकरीत असतील, तर माल कालपरवाचा समज. फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर क्लोराइड धातूला आतून खातंय. असा क्रूस अगदी कोरड्या जागी ठेवावा लागेल. वहिनी तिकडे येणार आहेत ना? त्यांना आधीच सांग, चिंच-पितांबरी लावायची नाही!

खरा प्रश्न मात्र वेगळाच: हा निघाला कुठून? कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयातला ब्राँझचा पोसायडन बाजारात भेटला असता तर नुसती एक रोमन मूर्ती ठरला असता. तो तिथल्याच ब्रह्मपुरीच्या टेकाडात सापडला, म्हणून सातवाहनकाळातल्या समुद्रव्यापाराचा पुरावा झाला. आपल्या सिरपूरच्या ब्राँझमूर्ती 1939 मध्ये एकत्र सापडल्या. काही इथे घासीदास संग्रहालयात आहेत, तू लहानपणी त्यांच्यासमोर जांभया द्यायचास. तारादेवीची एक मूर्ती पार लॉस एंजेलिसला पोचली. पण ती सिरपूरची हे ठाऊक आहे, म्हणून तिला निदान गाव तरी आहे.

बाल्कन देशांत अशा वस्तूंसाठी मेटल डिटेक्टर घेऊन रानं उकरणारे आहेत. बिनकागदाचा क्रूस घेणं म्हणजे त्यांची मजुरी भरणं. जर्मनीतही 2016 पासून अशा जुन्या वस्तूंच्या व्यापाराचा कायदा कडक झाला आहे. तेव्हा आधीच्या मालकाचं नाव, मूळ देशातून रीतसर बाहेर आल्याचा कागद आणि पक्की पावती माग. दुकानदार ‘जुन्या खासगी संग्रहातला’ एवढ्यावरच भागवू लागला, तर नमस्कार करून बाहेर पड.

आणि घेतलास तरी इकडे आणू नकोस. आपल्या 1972 च्या कायद्याने शंभर वर्षांवरचा पुरावशेष खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. परत नेताना अडकशील.

कागद दाखवले तर त्यांचे आणि क्रूसाच्या मागच्या बाजूचे फोटो पाठव. तोवर बयाणा देऊ नकोस.

तुझा काका