सेना सजविण्याचे जुने खेळ

बुद्धिबळाचा पट मांडतांना आपणांस कोणी विचारीत नाहीं कीं, हत्ती किती हवेत आणि घोडे किती. सोळा मोहरे पांढरे, सोळा काळे. सैन्य आयतेंच मिळतें आणि सारें कौशल्य तें चालविण्यांत असतें. प्राचीन चतुरंगापासून हीच रीत चालत आली, व संगणकावरील बहुतेक युद्धखेळांनींहि तीच उचलली. परंतु विसाव्या शतकाच्या अखेरीस असे कांहीं खेळ निघाले कीं, ज्यांत सैनिक कसा असावा हेंच मुळीं खेळणाऱ्यानें ठरवावयाचें असतें. त्यांस आतां पंचवीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. ह्या खेळांकडे विद्यार्थ्यांनीं पुनः एकदां वळावें असें आम्हांस वाटतें. तें कां, हें दोन खेळांच्या आधारें पाहूं.

पहिला खेळ 'अल्फा सेंटॉरी'. अमेरिकेंतील फिरॅक्सिस मंडळीनें तो १९९९ सालीं प्रसिद्ध केला. वेष्टनावर सिड मायर ह्यांचें नांव असलें तरी रचना मुख्यतः ब्रायन रेनॉल्ड्स ह्यांची. ह्या नांवाचा तारा आपणांस परका नाहीं. नरतुरंग तारकासमूहांतील 'मित्र' तो हाच. आपल्यापासून सुमारें ४.४ प्रकाशवर्षें दूर असलेला हा तारा मे महिन्यांत रात्रीं महाराष्ट्रांतून दक्षिण क्षितिजालगत दिसतो. खेळाची कथा अशी कीं, संयुक्त राष्ट्रांनीं तिकडे एक जहाज धाडिलें, वाटेंत प्रवाशांत फूट पडली आणि सात गट तेथील ग्रहावर निरनिराळ्या ठिकाणीं उतरले. त्यांपैकीं एका गटाचा नायक प्रवीण लाल हा भारतीय आहे.

ह्या खेळांत सैन्याचें एक रचनालय आहे. तेथें प्रत्येक तुकडीसाठीं वाहन, शस्त्र, चिलखत आणि शक्तियंत्र निवडावयाचें, व वाटल्यास एखादा विशेष गुण जोडावयाचा. प्रत्येक वस्तूपुढें तिचें बळ आंकड्यानें दिलेलें असतें: हातांतील साध्या शस्त्राचें १, लेसरचें २, क्षेपणास्त्रें फेकणाऱ्या यंत्राचें ६. चिलखताचेंहि तसेंच. नवशिका विद्यार्थी येथें काय करतो हें सांगावयास नको. तो प्रत्येक रकान्यांतील उत्तम वस्तु घेतो! मग त्यास कळतें कीं, तीक्ष्ण शस्त्र आणि जाड चिलखत एकाच तुकडीस दिलें म्हणजे किंमत भराभर चढते. ही किंमत खनिजांत द्यावयाची असते, आणि खनिजें तर मोजकींच. शिवाय नव्या जातीच्या शस्त्राचा पहिला नमुना घडविण्यास साधारणतः दीडपट खर्च येतो, आणि फार तुकड्या झाल्या तर त्यांना पोसण्यासाठींहि दर पाळीस खनिजें द्यावीं लागतात. महिन्याच्या पगारांत घर चालविणाऱ्या पालकांस हा हिशेब समजावून सांगण्याची गरज नाहीं.

बरें, महाग तेंच सर्वत्र चांगलें असेंहि नाहीं. शत्रूच्या तळावर चाल करतांना पायदळास शेंकडा २५ अधिक बळ मिळतें. वेगवान गाड्यांस तेंच अधिक बळ मोकळ्या सपाट मैदानांत मिळतें. म्हणजे तळ घेण्यासाठीं स्वस्त पायदळ हेंच पुष्कळदां योग्य ठरतें. आणखी एक गोष्ट आम्हांस फार आवडली. ह्याच रचनालयांत शस्त्राच्या जागीं जमीन सुधारण्याचीं अवजारें किंवा नवी वसाहत वसविण्याचें साहित्य ठेवितां येतें. शेतकरी आणि शिपाई एकाच खतावणींतून निघतात; एक अधिक केला कीं दुसरा कमी होतो.

परंतु ह्या खेळांतील खरी मौज त्या ग्रहावरील किड्यांत आहे. तांबूस बुरशींतून त्यांचीं टोळकीं निघतात आणि माणसाच्या मनावरच हल्ला करितात. त्यांच्याशीं झुंजतांना शस्त्र व चिलखत ह्यांचे आंकडे मुळींच धरले जात नाहींत. तुकडीचें शिक्षण आणि धैर्य तेवढें मोजतात. आणि जमिनीवर जो आधीं चाल करील त्याचें पारडें तीनास दोन असें जड असतें. भारी चिलखताचा रणगाडा येथें साध्या पहारेकऱ्याहून तिळमात्र सरस ठरत नाहीं. ज्यानें आपलीं सारीं खनिजें पोलादांत घातलीं, त्यास हें प्रथम कळतें तेव्हां त्याचा चेहरा पाहण्याजोगा होतो.

दुसरा खेळ 'वॉरझोन २१००'. हाहि १९९९ चाच; इंग्लंडांतील पंपकिन स्टुडिओज ह्यांनीं केलेला. येथें भाग तीन: गाडीचा सांगाडा, तिची चाल आणि वरील तोफ. चाकें स्वस्त पण नाजूक. साखळीपट्टे कणखर पण मंद. हवेच्या गादीवर तरंगणारी गाडी चपळ, पाण्यावरूनहि जाते, मात्र मार सोसत नाहीं. मशीनगन यांत्रिक अवयवांच्या पायदळापुढें प्रभावी, रणगाड्यापुढें दुबळी. रणगाडाभेदी तोफेचें नेमकें उलट. म्हणून शत्रु काय घडवीत आहे हें आधीं पाहून मग आपण घडवावें लागतें. पहिल्या खेळांत पाळीपाळीनें चालावयाचें असल्यामुळें विचारास हवा तितका अवकाश मिळतो; येथें घड्याळ थांबत नाहीं. शिकण्याच्या दृष्टीनें आम्ही पहिल्यासच झुकतें माप देऊं.

जुनेच खेळ कां, असें कोणी विचारील. चित्रें ओबडधोबड आहेत, आणि 'अल्फा सेंटॉरी'मध्यें संगणक स्वतः प्रतिपक्षी म्हणून बराच कच्चा आहे, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु ह्या खेळांत बरेचसे आंकडे उघड्यावर असतात. आपण कां हरलों हें विद्यार्थ्यास कागद-पेन्सिल घेऊन काढितां येतें, आणि पुढच्या डावांत दुसरी रचना करून पडताळितां येतें. आजच्या पुष्कळ खेळांत हा हिशेब झगमगाटाखालीं दडलेला असतो. कांहींत तर उत्तम शस्त्र खऱ्या पैशानेंच विकत मिळतें, आणि मग तेथें विचार करावयास उरतें तरी काय? पालकांस एक सूचना मात्र अवश्य करूं: 'आणखी एकच पाळी' ह्या शब्दांवर विश्वास ठेवूं नये, वेळ आधींच नेमून द्यावा.

असे खेळ हातीं राहतीलच असें मात्र नाहीं. ग्रंथ शंभर वर्षें फडताळांत पडला तरी वाचितां येतो. खेळास त्याचें यंत्र लागतें, आणि यंत्रें तर बदलत जातात. २०२३ सालीं अमेरिकेंतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन ह्या संस्थेनें पाहणी केली. तींत असें आढळलें कीं, त्या देशांत २०१० पूर्वीं निघालेल्या खेळांपैकीं शेंकडा ८७ बाजारांत उपलब्धच नाहींत. 'वॉरझोन'चें दैव निराळें ठरलें. त्याची मूळ संगणक-लिपी २००४ सालीं सर्वांस खुली करण्यांत आली. तेव्हांपासून देशोदेशींचे स्वयंसेवक ती नव्या यंत्रांस जुळवून घेत आले आहेत, आणि खेळ कोणासहि विनामूल्य उतरवून घेतां येतो. डावाच्या आरंभीं मिळते ती लहानशी चाकांची गाडी व तिजवरील एक मशीनगन. पुढील सारें ज्याचें त्यानें घडवावयाचें.